सात धारांची भेंडी

उभ्या काशीत अंतराळाची सगळ्यात जास्त काळजी वाहणारा माणूस म्हणजे माझे आतोबा, आणि हा माणूस जन्मात मुगलसरायच्या पलीकडे गेलेला नव्हता. मुगलसरायलाही ते एकदाच गेले, कुणाला तरी गाडीत बसवून द्यायला. न जाणो गर्दीच्या रेट्यात आपणच डब्यात चढवले जाऊ, या धास्तीने गाडी सुटायच्या आतच ते फलाटावरून परत फिरले. त्या स्टेशनाचं नाव पुढे बदललं, पण आतोबांनी ते मानलं नाही, कारण नवं नाव बघायला पुन्हा तिथवर जावं लागलं असतं. आत्याचं माहेर, म्हणजे आमचं घर, भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत आणि यांचं रामघाटावर. तोंडात विडा ठेवून निघालं तर तो संपायच्या आत माणूस पोचतो. पुण्या-नाशकाकडची चांगली चांगली स्थळं नाकारून त्यांनी आत्याला पसंत केली ती केवळ एवढ्यावरच, असं आत्याचं ठाम मत होतं. "ह्यांनी मुलगी नाही बघितली, फासला बघितला," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आतोबा ते ऐकायचे आणि मान डोलवायचे, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

अशा माणसाने विद्यापीठात शिकवण्यात आणि तिथल्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेत सारी नोकरी काढली, आणि निवृत्त झाल्यावर मनाशी एकच विषय धरला: पिकाचं बी अंतराळात जाऊन आलं तर त्याच्या जनुकांचं काय होतं. का धरला ते मला अजून नीट सांगता यायचं नाही. ज्याला स्वतःला सायकल-रिक्षात बसलं तरी कसंनुसं व्हायचं, त्याला एवढ्याशा बियाच्या एवढ्या मोठ्या प्रवासाचं कौतुक वाटत असावं. एरवी अबोल असलेला हा माणूस त्या विषयावर बोलायला लागला की समोरचा कोण आहे हे बघायचा नाही. दूधवाला, गॅसची टाकी आणणारा, संकठादेवीच्या दर्शनाला आलेली बाई, कुणीही चालायचं. संध्याकाळी संकठा घाटाच्या पायऱ्यांवर एक म्हातारा नावाडी जाळं सांधत बसायचा, तो तर त्यांचा हक्काचा श्रोता. वर वजन नसतं, त्यामुळे कोंबाच्या मुळाला खाली कुठे आहे तेच कळत नाही, हे आतोबा एकदा त्याला हातवारे करून सांगत होते. नावाड्याने जाळ्यातून मान वर न काढता विचारलं, "त पानी कइसे पियत होई, मास्टर साहब?" आतोबा थक्क झाले. घरी येऊन त्यांनी आत्याला सांगितलं, "इतकी वर्षं वर्गात शिकवलं, हा सवाल एकाने नाही विचारला." दुसऱ्या दिवशी त्यांनी नावाड्याला पाव किलो लौंगलता, ती लवंग टोचलेली मिठाई, नेऊन दिली.

शेजारी एक वेदपाठशाळा आहे. सकाळी तिथली मुलं घोकायला बसली की आतोबा खिडकीशी उभे राहायचे. देवभक्तीपोटी नव्हे. शब्द उलटसुलट फिरवून, पुन्हा पुन्हा जोडून म्हणायची ती जी घनपाठाची पद्धत आहे, जिच्यामुळे एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही, तीच पद्धत पेशीतही असते असं त्यांचं म्हणणं होतं. "पेशीत एक घनपाठी बसलेला असतो," ते सांगायचे. "अक्षर चुकलं की कान धरतो, दुरुस्त करून घेतो. वर अंतराळात किरणांचा मारा चालतो. कुठे अक्षर खोडलं जातं, कुठे ओळच्या ओळ उलटी लागते. तेव्हा हा घनपाठी कुठे कुठे धावणार?" पाठशाळेच्या गुरुजींना हे कुणीतरी जाऊन सांगितलं. ते स्वतः जिना चढून आले. आता काहीतरी बोलाचाली होणार म्हणून आत्याने घाईघाईने सरबत केलं, तर गुरुजींनी एवढंच विचारलं की दुरुस्त न झालेलं अक्षर पुढच्या पिढीला जातं का. आतोबा म्हणाले, सगळा प्रश्न तोच आहे. मग दोघे दुपारचं जेवण थंड होईपर्यंत बोलत बसले.

हा सगळा प्रश्न मला त्यांनी वेगळ्या तऱ्हेने समजावला होता. आमच्याकडे महाराष्ट्रातून पाहुणे यायचे, कुणी अस्थी घेऊन, कुणी नुसते बघायला. आतोबा प्रत्येकाची तपासणी करायचे: झोप किती बदलली, भूक किती बदलली, बोली किती बदलली. पुण्याचा एक दूरचा भाचा आठवडाभर राहिला आणि चौथ्या दिवशी बनारसी थाटात गल्लीत कुणाला तरी "का गुरू" म्हणाला. त्याला वाटलं आतोबा खूश होतील. आतोबांनी वहीत नोंद केली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा बदलला नाही, हेलावला. पुण्याला उतरला की दोन दिवसांत पहिल्यासारखा. बीपण तसंच. वरून आलं की वेगळं वाढतं, घाबरल्यासारखं वागतं, काही जनुकं ओरडायला लागतात, काही गप होतात. त्याला बदल नाही म्हणायचं. त्याच्या पोराबाळांत ते उतरलं तर बदल. आपले पूर्वज इथे आले, ते हेलावले असतील. तू भाजीला 'सब्जी' म्हणतेस, हा बदल." मी भूगोलाची मास्तरीण. पृथ्वी फिरते यापलीकडे वरच्या जगाशी माझा संबंध नाही, पण ही गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसली.

आतोबांच्या खिशात कायम बी असायचं. कुठे चांगलं शेंग-फळ दिसलं की रुमालाच्या टोकाला चार दाणे बांधून आणायचे आणि विसरायचे. आत्याने भिजवलेल्या सदऱ्याच्या खिशात एकदा मुगाला मोड आले. तिने ते निवडून, धुऊन उसळ केली. तिसऱ्या दिवशी आतोबांना आठवण झाली. "सदऱ्यातले मूग कुठे गेले?" तर ती म्हणाली, "काल दोन वेळा मागून घेतलेत." लग्नामुंजीत तर त्यांना न्यायचीच सोय नव्हती. अंगावर पडलेल्या अक्षता ते तळहातावर घेऊन निरखायचे आणि यजमानाला म्हणायचे, "हे साल काढलेले तांदूळ आहेत, ह्यांना कोंब नाही येणार. आशीर्वादाला तरी उगवणारं बी घ्या." शेवटी ते स्वतःच घरून सालासकट भात घेऊन जायला लागले. एका नवऱ्या मुलाच्या डोळ्यात टरफल गेलं, त्याचे सगळे फोटो एक डोळा मिटलेले आले, आणि मग आत्याने तो प्रकार बंद पाडला.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांच्या हातात खरोखरच अंतराळात जाऊन आलेलं बी पडलं. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी परदेशात अशाच कामावर आहे. तिने दोन कागदी पुड्या पाठवल्या. एकीत वर जाऊन आलेले भेंडीचे अकरा दाणे, दुसरीत त्याच वाणाचे, पण जमिनीवरच राहिलेले अकरा. आतोबांनी पुड्या देवापुढे ठेवल्या, आणि त्यांना देवापुढे काही ठेवताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग गच्चीवर कुंड्यांच्या दोन रांगा लागल्या. एका रांगेला त्यांनी "प्रवासी" असं नाव दिलं, दुसरीला "घरचे". माकडांसाठी तारेची जाळी आली. जाळीच्या आत बसून ते पानं मोजायचे आणि माकडं बाहेर बसून त्यांच्याकडे बघायची. प्रवाशांपैकी पाचच उगवले. त्यातले चार हुबेहूब घरच्यांसारखे निघाले, आणि आतोबांचा चेहरा उतरला. पाचवं झाड मात्र बुटकं, उशिराचं. श्रावण संपता संपता त्याला तीन शेंगा धरल्या, आणि त्या शेंगांना पाचाच्या जागी सात धारा होत्या.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. हा त्यांचा स्वभावच होता. सात धारांच्या भेंड्या जगात इतरत्र असतात, पण या वाणाला कधीच नव्हत्या. हे झाड नुसतं हेलावलंय की बदललंय, ते या तीन शेंगांतलं बी पुढच्या वर्षी पेरल्यावरच कळणार होतं. तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. विद्यार्थिनीलाही त्यांनी "एका झाडावर नजर ठेवून आहे" इतकंच कळवलं होतं. शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या होत्या. खुणेला प्रयोगशाळेत पांढरे टॅग असतात, ते घरात कुठून असणार. म्हणून त्यांनी आत्याच्या पूजेच्या डब्यातलं लाल दोऱ्याचं रीळ उचललं आणि तिन्ही शेंगांच्या देठांना एकेक दोरा बांधला. पुढे एका रात्रीच्या वादळात जाळी आडवी झाली, तेव्हा तेवढी एक कुंडी त्यांनी उचलून आडोशाला, तुळशीशेजारी ठेवली. यातली प्रत्येक गोष्ट बरोबर होती.

त्या साली भाद्रपदात गंगा चढली. सगळे घाट पाण्याखाली, होड्या बंद, खालच्या गल्ल्यांत कमरेएवढं पाणी. ऋषिपंचमी आली. आमच्या आत्याने हा उपवास लग्नापासून चुकवला नाही. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. अंगणात, परसात, हाताने लावलेलं असेल तेच. दरवर्षी एक म्हातारी भाजीवाली खास त्या दिवसासाठी परसातल्या भाज्या घेऊन यायची, ती पुरामुळे आली नाही. मी सकाळीच आत्याकडे गेले होते. तिच्या गुडघ्यांना गच्चीचा जिना झेपत नव्हता. ती म्हणाली, "मधू, जरा छतावर जाऊन बघ गं, जे मिळेल ते घेऊन ये. ह्यांच्या कुंड्यांना काही बैल जुंपला नव्हता. प्रयोगाचं तेवढं सोड." आतोबा किती पायऱ्या बुडाल्या ते बघायला खाली गेले होते.

मी वर गेले. टाकीशेजारचा अळू घेतला, माठ घेतला, भोपळ्याची दोन कोवळी फळं घेतली. आडव्या झालेल्या जाळीतल्या रांगांना हात लावला नाही, कारण प्रयोग तिथे आहे हे मला माहीत होतं. आणि मग तुळशीशेजारची ती कुंडी दिसली. आत्याच्या घरात लाल दोरा बांधलेली वस्तू देवासाठी राखलेली असते. तुपाची बरणी, नारळ, गुळाची ढेप, दोरा दिसला की आम्ही कुणी हात लावत नाही. मी खाली वाकून पाहिलं. धारा मोजल्या. सात. सप्तऋषींचा दिवस, तुळशीशेजारी झाड, सात धारांची भेंडी आणि वर लाल दोरा. मला शंकासुद्धा आली नाही. उलट अंगावर काटा आला, आणि आत्या खूश होईल म्हणून मी तिन्ही शेंगा दोऱ्यासकट तोडून घेतल्या. आजही ते आठवलं की हातातली भेंडी मी खाली ठेवते.

आत्याने दोरे सोडवून स्वतःच्या मनगटाला गुंडाळले. भाजीत ना तेल, ना फोडणी. उकडायची, सैंधव घालायचं, वर थोडं तूप. नैवेद्य दाखवला, आणि आम्ही तिघं जेवायला बसलो. आतोबा पुराच्या गोष्टी सांगत होते. बोलता बोलता त्यांनी भाजीतली भेंडीची एक चकती बोटांनी उचलली आणि त्यांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. ताट त्यांनी जरा खिडकीच्या उजेडाकडे सरकवलं. चकतीच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. पुन्हा एकदा मोजलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला सगळं एकदम कळलं.

आत्याला काहीच कळलं नव्हतं. ती म्हणाली, "दिसल्या ना? सप्तऋषींना सात धारांची भेंडी. उभ्या जन्मात अशी पंचमी झाली नाही माझी. अहो, तुम्ही माझ्यासाठी दोरा बांधून ठेवलीत आणि बोललातही नाही." आणि तिने हात पुढे करून मनगटावरचे दोरे दाखवले. आतोबा त्या दोऱ्यांकडे बघत राहिले. मग ते म्हणाले, "हो. तुझ्यासाठीच ठेवली होती." चकती त्यांनी तोंडात टाकली, सावकाश चावली, आणि म्हणाले, "भाजी छान झाली आहे. अजून थोडी दे."

जेवण झाल्यावर मी त्यांच्या मागोमाग गच्चीवर गेले. ते त्या बुटक्या झाडापाशी उकिडवे बसले होते. माझं चुकलं, एवढंच मला म्हणता आलं. ते म्हणाले, "तुझं नाही चुकलं. दोरा चुकला. ज्या घरात राहतो त्या घरात लाल दोऱ्याचा मतलब काय, हे मला माहीत पाहिजे होतं." मी म्हणाले, अजून शेंगा येतील. ते म्हणाले, येतील, आराम से. आल्या नाहीत. पुढच्या पंधरा दिवसांत त्या झाडाची पानं शिरांपासून पिवळी पडत गेली आणि ते वाळून गेलं. वाळलेली पानं त्यांनी विद्यार्थिनीला पाठवली. तिने कळवलं की त्यांच्या तपासणीतून काही नीट निघालं नाही, आणि त्या फेरीत वर गेलेलं बी आता शिल्लक नाही. आतोबांनी उत्तरात लिहिलं की निरीक्षकाकडून खूण करण्यात चूक झाली, शेंगा गेल्या. कुठे गेल्या ते त्यांनी लिहिलं नाही. मला मात्र एकदा म्हणाले, "हेलावलं होतं की बदललं होतं, ते आता सात ऋषींनाच ठाऊक. त्यांनी खाल्लंय." असं म्हणून ते हसले, आणि त्या हसण्याने मला जास्त वाईट वाटलं. जिना उतरताना त्यांनी बजावलं, "तुझ्या आत्याला सांगायचं नाही." मी कबूल केलं.

त्यानंतर त्यांचं बोलणं कमी झालं. घाटावर जायचे, नावाड्याशेजारी बसायचे, पण हातवारे बंद झाले. नावाड्याने एकदा मला गाठून विचारलं, "मास्टर साहब के पौधे का क्या हुआ?" मी म्हटलं, सूख गया. मागच्या माघात आतोबा गेले, दोन दिवसांच्या तापाने, घरच्या घरी. मणिकर्णिका इथून जवळ आहे. शेवटच्या वाटेलाही त्यांना लांबचा प्रवास करावा लागला नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि रडता रडता आत्यासुद्धा हसली. मला हसू आलं नाही. उतारवयात एकाच प्रश्नाभोवती फिरलेल्या माणसाच्या हातात उत्तर आलं होतं, ते मी तोडून परडीत टाकलं होतं. माफी मागायची तर नीट, पूर्ण वाक्यात मागायला हवी होती. दोन वर्षं हाताशी होती. रोज उद्यावर टाकलं.

यंदाच्या ऋषिपंचमीला पाणी फार चढलं नाही, भाजीवाली आली. भाजी मीच चिरायला बसले. आत्या समोर पाटावर बसून बघत होती. आता तिला कमी दिसतं, पण ते तीन दोरे अजून मनगटावर आहेत, रंग उडून पांढरट झालेले. तिने विचारलं, "सात धारांची मिळाली का गं?" मी म्हटलं, नाही मिळाली. "ती कशी मिळणार बाजारात," आत्या म्हणाली. "ती ह्यांनी खास माझ्यासाठी लावली होती. कुठून कुठून बी मागवलं होतं, बोलले नाहीत कधी. बोलायचेच नाहीत ना." आणि ती मनगटावरचे दोरे चाचपत राहिली.

मी म्हटलं, "हो आत्या, तुझ्यासाठीच लावली होती." मग खाली मान घालून भेंडी चिरत राहिले. प्रत्येक चकतीच्या धारा मोजल्या. सगळ्या पाचच्याच होत्या.